टौरंगाचं स्थळ

१० जुलै २०१६, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. रोज. खंड नाही. मागची जानेवारीत तीन दिवस चालली, पण तेव्हा इथला उन्हाळा होता आणि पाहुणे होते.

कारणही तसंच आहे. मारीविकचं रजिस्ट्रेशन आलं! आमच्या मागच्या खोलीत फेब्रुवारीपासून राहते ती. फिलिपिन्सची. तिकडे इलोइलो नावाच्या गावात आठ वर्षं नर्स होती. इथे येऊन कोर्स केला, परीक्षा दिल्या, आता न्यूझीलंडची नर्स. कागदावर. नोकरी बाकी आहे.

व्हिसा १४ ऑक्टोबरपर्यंत. तोवर हॉस्पिटलची नोकरी मिळाली तर पाच वर्षांच्या लेकीला, अँजेलाला, इकडे आणता येईल. नाही मिळाली तर मारीविक परत. फ्रिजवर अँजेलाचा फोटो लावलाय, पुढचे दोन दात पडलेला.

निश्चय: तिची नोकरी मी जमवणार. हॉस्पिटल ऑकलंडमधलंच, आमच्या बसच्या रस्त्यावरचं, म्हणजे तिला खोली बदलायला नको. सहा आठवडे पुष्कळ झाले. आजवर मी सात लग्नं जमवली आहेत. एक मोडलं, त्यात माझा दोष नव्हता. शेवटी नोकरी काय नि स्थळ काय, चांगलं घर पाहून मुलगी द्यायची.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तिने विचारलंय का तुला? पेपरमधून डोकं वर न काढता. चाळीस वर्षं ह्यांचं हेच.

११ जुलै, सोमवार.

बायोडाटा तयार. एका बैठकीत! वर क्रॉस काढला, ती कॅथलिक आहे म्हणून. मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ (पहाटे ४.१०, तिने आईला फोन करून विचारली), उंची पाच फूट एक, वर्ण गव्हाळ. स्वभाव मनमिळाऊ. गाता गळा. वडील निवृत्त शाळामास्तर. नवरा बोटीवर, त्यामुळे नाइट ड्यूटीला घरून हरकत नाही. शेवटी अपेक्षा: सुसंस्कृत, सुस्थित हॉस्पिटल, शक्यतो ऑकलंड.

सगळं माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर एकही लाल खूण करू शकल्या नसत्या.

जुई शाळेच्या सुट्टीसाठी वेलिंग्टनहून आलीये. नात आमची, अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिने वाचला आणि म्हणाली, आजी, दॅट्स अ डेटिंग प्रोफाइल. आमच्या मुलाने-सुनेने, सुशील-अस्मिताने, पोरीला अगदीच मोकळं सोडलंय.

मारीविकने दोनदा वाचला. म्हणाली, इट्स व्हेरी कम्प्लीट, आंटी. मग म्हणाली, वीस कॉपी लागतील, तुम्ही आणाल का? एवढा विश्वास! लगेच जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले; इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. जुलै म्हणजे इथे हिवाळा, पायांची बोटं गारठली. वीस कॉपी आणल्या. पोस्टाने पाठवते म्हणाली. गुणी आहे.

१४ जुलै, गुरुवार.

इंटरव्ह्यूची रंगीत तालीम. मी मेट्रन. जुई परीक्षक. हे प्रेक्षक, जबरदस्तीने.

मारीविकला ट्रेमध्ये पोहे देऊन आत यायला सांगितलं. नजर खाली, चाल हळू. इथे लोक फार बोलतात, त्यात आपली शालीनता उठून दिसेल. मी विचारलं, गाणं म्हणतेस का? तिने कॅराओकेचं म्हटलं, हातवाऱ्यांसकट. जुई सोफ्यावरून खाली पडली. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. हे माझ्या गाण्याला कधी टाळ्या वाजवत नाहीत.

मारीविकने विचारलं, आंटी, ते लोक विचारतात, एखाद्या अवघड पेशंटबद्दल सांग. काय सांगू? मी म्हटलं, सांग, मला कुठलाच पेशंट अवघड वाटत नाही, सगळे देवासारखे. तिने पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवला. मग म्हणाली, येस पो. तिच्या भाषेत आदरासाठी शेवटी पो लावतात.

माझ्यासारखी शिकवणारी तिला मिळाली, हे नशीबच.

२५ जुलै, सोमवार.

दहा दिवस खंड. जुई होती. आता नियमित.

पहिला नकार. ईमेलवर. म्हणे, ऑन धिस ऑकेजन दुसऱ्या उमेदवाराला घेतलं. मारीविकचा चेहरा उतरला. मी समजावलं की हे म्हणजे आपलं पत्रिका जुळत नाही. खरं कारण कुणी सांगत नाही. मी लग्न जमवलेल्या शकूच्या अकरा पत्रिका जुळल्या नव्हत्या, बारावी जुळली आणि गेली दुबईला.

हे म्हणाले, पण मारीविकने हा अर्ज ऑनलाइन केला होता ना, तुझा बायोडाटा कुठे गेला होता? म्हटलं, म्हणूनच नकार आला.

२ ऑगस्ट, मंगळवार.

आणखी तीन नकार. सगळ्यांचं एकच तुणतुणं, न्यूझीलंड एक्स्पीरियन्स नाही. तो आणायचा कुठून? डेअरीत दुधाशेजारी मिळतो का? नोकरी दिल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. मारीविक आठ वर्षांत काय काय करून आली! एका वॉर्डात साठ पेशंट आणि दोन नर्सेस, असं सांगत होती वरणभात खाता खाता. जेवणाआधी आम्ही दोघी प्रार्थना म्हणतो. मला कॉन्व्हेंटपासून सगळी पाठ आहे. हे तोवर चमचा धरून थांबतात.

निश्चय: अनुभव घरीच द्यायचा. उद्यापासून हे पेशंट.

३ ऑगस्ट, बुधवार.

चार्ट केला. आखीव. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तापमान, नाडी, बीपी, शेवटच्या रकान्यात नर्सची सही. मारीविकचं स्वतःचं बीपीचं मशीन आहे. हे म्हणाले, मला काय झालंय? म्हटलं, काही झालं नसलं तरी न्यूझीलंडमध्येच ना झालं नाहीये?

लहानपणी कॉन्व्हेंटच्या आजारी खोलीत मी सिस्टर बेनेडिक्टांच्या हाताखाली असे. आयोडीनचा वास, पांढरे पडदे, थर्मामीटर झटकायची ती ऐट. मॅट्रिकनंतर नर्सिंगला जाते म्हटलं तर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मग मी बी.ए. केलं. असो. मी झाले असते तर फार वर गेले असते.

६ ऑगस्ट, शनिवार.

पेशंटने असहकार पुकारलाय. बोल्स क्लबात, हिरवळीवर चेंडू घरंगळवायला, पळाले, तोंडात थर्मामीटर असताना.

पण मारीविक गंभीर होती. म्हणाली, आंटी, अंकलचं बीपी तीन दिवस खरंच जास्त येतंय, डॉक्टरकडे न्या. मी म्हटलं, ते माझ्यामुळे असेल. ती म्हणाली, असेल, तरी न्या.

९ ऑगस्ट, मंगळवार.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. म्हणाले, वेळेवर आलात. कुणी पकडलं? ह्यांनी सांगितलं, आमच्या मारीविकने. घरी येताना गाडीत ह्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, पोरगी हुशार आहे हो.

माझी योजना किती दूरदर्शी होती, हे कुणीच म्हणालं नाही. मी स्वतःच म्हटलं.

१८ ऑगस्ट, गुरुवार.

ठरवलं, स्थळ चालून येत नसेल तर आपण जावं. मुलीकडच्यांना कसला आलाय मान. पंचवीस बेसनाचे लाडू केले, डब्यात भरले, बायोडाट्याची एक जादा कॉपी घेतली आणि मोठ्या हॉस्पिटलात गेले. ह्यांनी गाडीतून उतरायला नकार दिला.

रिसेप्शनवर टोंगा बेटांवरचा एक धिप्पाड गृहस्थ. किया ओरा आंटी, म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. मी सगळं सांगितलं. जन्मवेळेपासून. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, अर्ज ऑनलाइनच करावा लागतो. मी म्हटलं, ते आहेच, पण तुमचं घराणं कसं आहे, बघावं म्हटलं. तो इतका हसला की मागून दोघीजणी बघायला आल्या. लाडू संपले. डबा त्यांनी धुऊन दिला.

डबा धुऊन दिला म्हणजे पसंती आहे. मोकळा डबा कोण धुतं नाहीतर!

मारीविकला सांगितलं. ती खुर्चीत बसली. पाणी प्यायली. म्हणाली, आंटी, प्लीज, नेक्स्ट टाइम मला आधी सांगा. आनंदाने तिचा आवाज कापत होता.

५ सप्टेंबर, सोमवार. गणेशचतुर्थी.

अडीच आठवडे खंड. काही घडलंच नाही, तर लिहिणार काय. हॉस्पिटलकडून निरोप नाही. नकार एकूण नऊ.

मारीविकने मोदकांना कळ्या पाडल्या. पहिल्याच वर्षी अकरा-अकरा! अस्मिताच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, अजून पाच. गणपतीपुढे उभी राहून तिने क्रॉस केला आणि बराच वेळ डोळे मिटून होती. काय मागितलं हे काय विचारायचं. फ्रिजवरच्या अँजेलापुढेही एक मोदक ठेवला.

हल्ली रोज सकाळी लायब्ररीत जाते. तिथे शांत वाटतं म्हणते. इथे काय अशांत आहे?

१२ सप्टेंबर, सोमवार.

जेवताना मारीविकने टौरंगाचा विषय काढला. तिथल्या हॉस्पिटलात जागा आहे म्हणे. मी म्हटलं, तीन तासांवर? तिथे काय, बंदर आणि किवीची फळं. बस नाही धड, जिकडेतिकडे गाड्या. ओळख ना पाळख. सर्दी-खोकला झाला तर आल्याचा काढा कोण देईल?

हे म्हणाले, नर्सला?

मी दुर्लक्ष केलं. टौरंगाचं स्थळ मला पसंत नाही. तिच्या भल्यासाठीच म्हणतेय. मला काय, मला ऑकलंड काय आणि टौरंगा काय.

व्हिसाला एक महिना दोन दिवस. काळजीने माझं वजन उतरलं असणार. काट्यावर दिसत नाहीये.

१७ सप्टेंबर, शनिवार.

पितृपंधरवडा सुरू. १ ऑक्टोबरपर्यंत शुभ बोलणी बंद. मारीविकला आणि ह्यांना जेवणाच्या टेबलावर नियम सांगितले: नवीन काम नाही, आनंदाची बातमी जाहीर करायची नाही, करार नाही. मारीविकने विचारलं, अगदी चांगली बातमी असली तरी, आंटी? म्हटलं, तरीही. घटस्थापनेला सांगायची. तिने आणि ह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणाली, येस पो.

आपल्या रीतीभाती किती पटकन समजून घेते.

२२ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३.

अक्षर वाकडं येतंय. लिहिलंच पाहिजे.

अकराला लॅंडलाइन वाजली. मारीविक लायब्ररीत, हे बोल्सला. टौरंगाच्या हॉस्पिटलातली चार्ज नर्स, वॉर्डची मुख्य! मारीविकशी बोलायचंय, मोबाईल लागत नाही म्हणे.

मी पाहिलं, वेळ आली. मुलीकडच्यांनी घाई दाखवली की किंमत जाते, हे मला सात लग्नांनी शिकवलंय. आवाज गोल केला, अगदी सिस्टर बेनेडिक्टांसारखा. सांगितलं की आमच्याकडे पितरांचा पंधरवडा चालू आहे, १ ऑक्टोबरपर्यंत आम्ही काही बोलू शकत नाही. शिवाय आमच्याकडे इतरही स्थळं आहेत. विचार करून कळवू.

मग ती बाई केवढ्यांदा हसली! म्हणाली, ओह, यू मस्ट बी आंटी! तुमच्याबद्दल हीप्स ऐकलंय, म्हणजे ढीगभर. मग म्हणाली, नो वरीज, पितरांना आमचाही नमस्कार सांगा.

माझं नाव टौरंगापर्यंत पोचलंय! लाडवांमुळे असणार.

२२ सप्टेंबर, संध्याकाळ.

मारीविकला फोनचं सांगितलं नाही. पंधरवडा आहे. नियम म्हणजे नियम. आणि मोठ्या हॉस्पिटलातून एवढ्यात निरोप येईलच, डबा धुतलाय त्यांनी. मग टौरंगा कशाला मध्ये आणायचं?

जेवण गेलं नाही. उन्हाळा लवकर येतोय बहुतेक.

२६ सप्टेंबर, सोमवार.

झोप नाही. व्हिसाला अठरा दिवस. फ्रिजवरची अँजेला माझ्याकडेच बघते. दूध काढायला गेलं तरी बघते. तिचा फोटो जरा खाली लावला, किवीफ्रुटवाल्या मॅग्नेटने. मग तो मॅग्नेट बदलला.

ह्यांना आडून विचारलं की समजा एखाद्याने चांगल्या हेतूने एखादा निरोप थोडा उशिरा दिला तर? हे म्हणाले, किती उशिरा? म्हटलं, नऊ दिवस. हे म्हणाले, हेतू कुणासाठी चांगला? आणि गोळी घेऊन झोपले. गोळीने ह्यांचा स्वभाव बिघडलाय.

३० सप्टेंबर, शुक्रवार. सर्वपित्री.

ठरलं. मी टौरंगाला परवानगी देणार. मन मोठं करायला पाहिजे. उद्या घटस्थापना. सकाळी पूजा झाली की तिला समोर बसवून सांगणार: मुली, मी तुझ्यासाठी टौरंगाचं स्थळ थोपवून धरलंय, आता हो म्हण. ती रडेल. मी रडणार नाही. अंजिरी पैठणी काढून ठेवली.

आईबाबांच्या नावाने पान वाढलं. सिस्टर बेनेडिक्टांसाठी एक पुरी जास्त. इथे कावळे नाहीत. सीगल आला. चालतो.

१ ऑक्टोबर, शनिवार. घटस्थापना.

पूजा झाली. पैठणी नेसले. मारीविकला बसवलं. मी घसा साफ केला.

तिने माझे हात धरले आणि म्हणाली, आंटी, पंधरवडा संपला, आता सांगू? मला टौरंगाला नोकरी मिळाली!

कधी? तर १९ तारखेला. लायब्ररीतून व्हिडिओवर इंटरव्ह्यू झाला. २१ला होकार. ऑफर लेटरवर सही आज सकाळी सात वाजता केली, मी फुलं काढत होते तेव्हा. करार नाही म्हणाला होतात ना, म्हणाली. हॉस्पिटलने थांबून घेतलं. चार्ज नर्सने फोनवरचं सगळं तिला सांगितलंय. इतर स्थळांसकट.

व्हिसाचे कागद गेलेत. सोमवारी सव्वाआठची बस. ह्यांनी तिकीट काढून दिलंय. ह्यांना सगळं माहीत होतं! दहा दिवस! मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? हे म्हणाले, बाई गं, आनंदाची बातमी बंद होती.

मग ती रडली. मीही जरा, पण ते धुपामुळे.

माझं भाषण राहूनच गेलं.

३ ऑक्टोबर, सोमवार.

गेली. दोन बॅगा, एक तांदळाचा कुकर, माझे तीस लाडू. बसच्या दारात मला म्हणाली, बीपीचं मशीन तुमच्यासाठी ठेवलंय, आंटी, रोज बीपी घ्या. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मी त्याला निरोप घेण्याचे नियम समजावून सांगितले.

अँजेला डिसेंबरात येणार. फोटो फ्रिजवरून नेला. तिथे आता नुसता चौकोन आहे, बाकीच्या दारापेक्षा पांढरा.

एकंदरीत योजना यशस्वी. बारा आठवडे लागले, सहा म्हटले होते. आठवं स्थळ जमलं. टौरंगाला माझ्या नावाचा उपयोग झालाच असणार, त्या बाईने हीप्स ऐकलं होतं.

८ ऑक्टोबर, शनिवार.

मारीविकची खोली आवरली. नवीन भाडेकरू इतक्यात नको, भिंतीला हवा लागू दे.

खालच्या खणात कागदांचा गठ्ठा. माझा बायोडाटा. मोजले. वीसच्या वीस.

एकही पाठवला नव्हता.

पलंगावर बसले. म्हटलं, असो, पाठकोऱ्या बाजू तरी वापरल्यात. औषधांची मात्रा काढायची गणितं, बारीक अक्षरात, सतरा पानं. म्हणजे अभ्यास माझ्याच कागदांवर झाला. यशात वाटा आहे.

अठराव्या कागदामागे इंटरव्ह्यूची उत्तरं, इंग्रजीत. तिला सांगितलं होतं ना, अवघड पेशंट नाहीत म्हण. तिने ऐकलं नाही. पूर्ण पान लिहिलंय. इथे मराठीत उतरवते, अशी माणसं असतात हे लक्षात राहावं म्हणून.

अवघड व्यक्ती: ज्येष्ठ महिला, वय साधारण ६८. प्रकृती उत्तम. दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. सगळं आपल्या हातात हवं. अतिशय प्रेमळ. 

बिचारी. कोर्सच्या वेळी रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, भेटली असणार कुणी. अशा एक-दोघी मलाही माहीत आहेत. मी तर अजून पासष्टचीही नाही.

कारण: एकटं पडायची भीती. मुलगा लांब असतो. तरुणपणी काही व्हायचं होतं, होता आलं नाही.

रेस्ट होममधल्या पुष्कळ जणींचं असंच असतं.

उपाय: वाद घालू नये. तिला उपयोगी पडल्यासारखं वाटेल असं छोटं काम द्यावं, उदा. फोटोकॉपी आणणे.

पुढची ओळ वाचायच्या आधी मी चष्मा पुसला.

इतरांपुढे चूक दाखवू नये. तिच्या सणांचा मान ठेवावा. महत्त्वाच्या बातम्या कुटुंबीयांशी बोलून, योग्य वेळी द्याव्यात. लाडू दिले तर खावेत.

परिणाम: महिला आनंदी. नर्सला तिची फार सवय झाली. मी काय शिकले: हे पुढच्या वेळी सांभाळायला हवं. सांभाळता येईल असं वाटत नाही.

खाली पेन्सिलीने चार्ज नर्सचं नाव, फोन नंबर आणि एक हसरा चेहरा.

हे दारात येऊन उभे. विचारलं, काय वाचतेयस? म्हटलं, बायोडाटा. कुणाचा, म्हणाले. मी गठ्ठा सरळ केला. हे शेजारी बसले आणि बाही वर केली, बीपीची वेळ झाली होती.

ह्यांचं एकशे तीस. मग ह्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, उलटा, तो मी सुलट केला. माझं एकशे बावन्न.

चार्टवर दोन्ही आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यात नर्सची सही हवी. पेन धरून बराच वेळ बसले होते. मग तो रकाना तसाच सोडला.